आधी शेपूट बघा, मग इंजिन
हँगर सल्ला: जुन्या बोनान्झाबद्दल बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

मांजलपूरहून एक वाचक: पाच-सहा वर्षे हँगरमध्ये उभे असलेले 1964 चे बीचक्राफ्ट बोनान्झा एस35 घ्यायचा विचार आहे. नोंदणी व्हीटीचीच आहे. विकणारे म्हणतात, इंजिन फक्त 400 तास चाललेय. बॅटरी बदला, पेट्रोल भरा आणि उडवा. पाहायला जाताना काय बघावे?

नोंदणी भारतातली आहे हे चांगले, कारण एवढे जुने विमान बाहेरून आणायचे तर वयाची अट आडवी येते. विकणाऱ्यांच्या बाकी बोलण्याला फारसे महत्त्व देऊ नका.

सगळे आधी इंजिनाचे झाकण उघडतात. तुम्ही मागे जा. व्ही आकाराच्या शेपटीचे हलणारे दोन भाग, म्हणजे रडरव्हेटर, मॅग्नेशियमच्या पातळ पत्र्याचे असतात. आतली चौकट अ‍ॅल्युमिनियमची. दोन धातूंमध्ये ओल राहिली की मॅग्नेशियम आधी खाल्ले जाते, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात ओल राहतेच. रिव्हेटांच्या ओळी, पाणी निथळायची भोके आणि मागची धार बोटाने चाचपून बघा. रंगाखाली फोड किंवा पांढरी भुकटी दिसली की समजा, आत गंजाचे काम सुरू झाले आहे. वरवरचा डाग यांत्रिकी पद्धतीने साफ करून, क्रोमेट उपचार आणि एपॉक्सी प्रायमर देऊन थांबवता येतो. पत्र्याला भोक पडले असेल तर सौदा तिथेच थांबवा. इंजिन पैसे मोजून नवे करता येते, हे पत्रे सहज मिळत नाहीत.

मग शेपटीच्या स्थिर भागाचे मूळ बघा. 1951 च्या सी35 पासून या भागाची रुंदी पुढच्या बाजूने वाढवली, पण आतला पुढचा स्पार, म्हणजे भार पेलणारा मुख्य दांडा, जागच्या जागी राहिला. त्यामुळे पुढची धार आधाराविना बाहेर आली आणि वेगमर्यादा ओलांडणाऱ्या काही विमानांच्या शेपट्या हवेत तुटल्या. 1987 च्या एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हने, म्हणजे सुरक्षेच्या सक्तीच्या आदेशाने, या मुळाशी मजबुतीचे कफ (धार पकडून धरणारे आधार) बसवायला लावले. कफ डोळ्यांना दिसतात; लॉगबुकात त्यांची नोंद, तारीख आणि सही आहे का ते वेगळे तपासा. दिसते पण नोंद नाही, तर काम झालेले नाही असेच धरायचे.

पोटाखाली, दोन्ही पंखांना जोडणाऱ्या स्पारच्या उभ्या पत्र्याला या मॉडेलमध्ये तडे जातात. त्याची पहिली तपासणी 1500 तासांनी आणि पुढे दर 500 तासांनी असते. शेवटची कधी झाली ते विचारा.

आता इंजिन. या विमानाच्या आयओ-520 इंजिनासाठी ते बनवणाऱ्या काँटिनेंटलची ओव्हरहॉलची शिफारस 1700 तास किंवा 12 वर्षे, जे आधी येईल ते. म्हणून '400 तास' हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख मागा. क्रँकशाफ्ट जुन्या एअरमेल्ट (हवेत वितळवलेल्या) पोलादाचा की व्हीएआर (निर्वातात पुन्हा वितळवलेल्या) पोलादाचा, हेही कागदावर पाहा. एअरमेल्ट असेल तर इंजिनाची केस उघडली की तो बदलावाच लागतो, आणि तो खर्च किमतीतून आधीच वजा करायचा.

एवढी वर्षे उभ्या इंजिनाचा प्रोपेलर कौतुकाने फिरवू नका. कोरड्या, गंजलेल्या सिलिंडरवर पिस्टनच्या रिंगा घासतात. वरचे स्पार्क प्लग काढा, बोरस्कोप (आत बघायची बारीक दुर्बीण) घाला, भिंती बघा, तेल फवारा आणि मगच फिरवा. कॉम्प्रेशनची चाचणी 80 पीएसआय दाबाने घेतात, पण आकड्यापेक्षा हवा कुठून निसटते ते कानाने ऐका. एक्झॉस्टमधून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. काँटिनेंटलमध्ये खालची मर्यादा 'मास्टर ओरिफिस' (ठरलेल्या मापाच्या भोकाचे उपकरण) लावून ठरवतात, ठरीव आकड्याने नाही. दुसऱ्या इंजिनांवर काम केलेले मेकॅनिक इथे हमखास चांगले सिलिंडर काढून टाकतात.

पंखांतल्या टाक्या रबरी पिशव्यांच्या असतात. कोरड्या राहून उन्हात तापल्या की त्या चिरतात. भरून 24 तास ठेवा आणि पंखाच्या खाली निळे डाग शोधा. 100एलएल पेट्रोलचा रंगच निळा. सुटलेल्या पिशवीला सुरकुत्या पडतात आणि पाणी त्यांत अडकते. जमिनीवर नमुना स्वच्छ येतो, हवेत पंख कलला की तेच पाणी इंजिनाकडे जाते.

दांडिया बाजारातून: रडरव्हेटरचा रंग उडालाय. गाड्यांचा एक उत्तम पेंटर ओळखीचा आहे. त्याच्याकडून मारून घेतला तर?

रंगाचा हात उत्तम असेल, पण प्रश्न तोलाचा आहे. बिजागरीच्या मागे 30 सेंटिमीटरवर 30 ग्रॅम रंग वाढला, तर बिजागरीपुढे 10 सेंटिमीटरवर तो तोलायला 90 ग्रॅम शिसे लागते. तोल मर्यादेबाहेर गेला की वेगात शेपूट फडफडू लागते, आणि तसे झाले तर सावरायला वैमानिकाला वेळच मिळत नाही. जुना रंग पूर्ण उतरवा. त्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश किंवा आम्लाचा स्ट्रिपर मॅग्नेशियमला लावू नका. लोखंडाचे कण रुतले की गंज तिथूनच सुरू होतो. रंग पातळ ठेवा. मग प्रत्येक रडरव्हेटर विमानापासून सुटा करून, घर्षण नसलेल्या आधारावर ठेवून, मॅन्युअलमधल्या तुमच्या मॉडेलच्या मर्यादेत तोला. ट्रिम टॅबची (मागच्या धारेवरच्या छोट्या पट्टीची) सैलही त्याच वेळी मोजा. हे सारे परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीने. पेंटर कितीही ओळखीचा असो, पुढचे काम त्याचे नव्हे.

मकरपुऱ्यातून एक कारखानदार: आमच्या जीआयडीसीतल्या शॉपमध्ये 8.8 ग्रेडचे बोल्ट आहेत. ताकद तर विमानाच्या बोल्टइतकीच. मग अमेरिकेहून का मागवायचे?

ताकदीचे तुमचे म्हणणे जवळजवळ खरे आहे: एएन, म्हणजे अमेरिकी विमान मानकाचा बोल्ट 125000 पीएसआयचा, 8.8 चा साधारण 116000 चा. पण एएन4 या मापाच्या बोल्टचा व्यास पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर. त्या भोकात 6 मिलिमीटरचा एम6 घातला तर 0.35 मिलिमीटर सैल राहतो, आणि प्रत्येक धक्क्याला भोक अंडाकार होत जाते. दुसरे, एएन बोल्टचा आटे नसलेला भाग नेमक्या लांबीत मिळतो, म्हणजे भार आट्यांवर येत नाही. तिसरे, कागद: कोणत्या बॅचचा, कोणाचा. तो नसेल तर एएमई सही करणार नाही आणि त्यांचे बरोबरच आहे. तुमच्या शॉपचा उपयोग दुसरीकडे आहे. जॅकखालचे स्टँड, ओढायचा दांडा, रडरव्हेटर तोलायची चौकट ही कामे तिथे छान होतील.

कारेलीबागेतून: पंपावरचे पेट्रोल चालेल का? कोयालीला तर आता विमानाचे पेट्रोल बनते.

पंपावरचे चालणार नाही. आयओ-520 चे कॉम्प्रेशन 8.5 ला 1. त्याला 100 ऑक्टेन लागते. पंपावरचा ऑक्टेनचा आकडा वेगळ्या मोजणीचा, म्हणून तुलनाही फसवी. वर इथॅनॉल: ते रबरी पिशव्या आणि सील खराब करते आणि पाणी ओढून घेते. मे महिन्यात पाइपमध्येच वाफ अडते ते वेगळेच. कोयालीच्या गुजरात रिफायनरीत इंडियन ऑइल 100एलएल बनवते. 2022 पासून त्याचा पुरवठा सुरू झाला, त्याआधी ते बाहेरून यायचे. रिफायनरी दाराशी असली तरी अधिकृत पुरवठादाराकडूनच, बॅचच्या प्रमाणपत्रासह घ्या.

वाघोडिया रोडवरून: पावसाळ्यात दोन-दोन महिने उडणे होत नाही. दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालवतो. पुरे ना?

त्याने उलट नुकसान होते. ज्वलनातून निघणारे पाणी तेलात उतरते, आणि तेल साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिल्याशिवाय ते उडत नाही. जमिनीवरच्या दहा मिनिटांत एवढे तापत नाही. उड्डाण होणार असेल तर महिन्यातून एकदा किमान अर्धा तास हवेत काढा. मध्ये दर सात दिवसांनी प्रोपेलर हाताने सहा फेरे फिरवून वेगळ्या कोनात थांबवा. ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद असले, किल्ली खिशात असली, तरी प्रोपेलर जिवंत आहे असे समजूनच हात लावा. दोन महिने उडणार नसाल तर जतनाचे तेल भरा, प्लगच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर बसवा, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडे बोळे घालून बंद करा. जेल निळ्याचे गुलाबी झाले की बदला. बोळ्यांना लाल फिती लावा, नाहीतर बोळे तसेच राहून इंजिन चालू होते.

अलकापुरीतून: चौघे बसून इंदूरला जायचे तर वजनाचा हिशेब निघतानाचा पुरे का?

नाही. या विमानात टाक्या पंखाच्या पुढच्या भागात आहेत. पेट्रोल जळत जाते तसा तोल मागे सरकतो. उतरतानाचा हिशेबही करा. मागच्या सामानाने तो मर्यादेबाहेर जात असेल, तर सामान घरी ठेवा.

वाडीतून: चाके उतरवायची मोटर बंद पडली तर हाताच्या क्रँकला किती फेरे?

सुमारे 50, घड्याळाच्या उलट दिशेने. आधी चाकांचा सर्किट ब्रेकर ओढा आणि लिव्हर 'खाली'वर ठेवा. हा क्रँक फक्त उतरवण्यासाठी आहे, हवेत चाके वर घ्यायला वापरू नका. वार्षिक तपासणीत विमान जॅकवर असताना एकदा स्वतः फिरवून बघा, आणि काम झाले की हँडल परत जागेवर मिटवा. गुंतलेले राहिले आणि मोटर सुरू झाली, तर ते जोरात फिरून हाताला इजा करते.