पुढच्या पायाची शीर ताणून लंगडणाऱ्या घोड्याला मालिश करावी का?

करा, पण दुखऱ्या शिरेवर नको. गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने जाणारी ही शीर म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी. ती ताणली की आतले तंतू तुटतात. ताज्या सुजेवर चोळलं तर सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस थंड पाणी किंवा बर्फ, दिवसातून तीन-चार वेळा १५-२० मिनिटं, आणि पागेत पूर्ण आराम. मालिशची गरज असते ती वेगळ्याच जागी. घोडा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो आणि भार दुसऱ्या पायावर ढकलतो, त्यामुळे मान, खांदा आणि पाठ आखडते. तिथे तळहाताने, केसांच्या दिशेने सावकाश दाब द्या. कान मागे पाडले किंवा कातडी थरथरली की हात हलका करा.

पाय बरा होतो तो मुख्यतः मोजून चालवण्याने. पशुवैद्याने परवानगी दिली की सपाट जमिनीवर हाताने धरून ५-१० मिनिटं, मग हळूहळू जास्त, मधूनमधून सोनोग्राफी. कंडरा भरायला ९ ते १२ महिने सहज जातात. रेसच्या घोड्यांत ही दुखापत नेहमीची, आणि लंगड थांबली म्हणून लगेच पळवलेला घोडा पुन्हा त्याच पायाने लंगडा होतो.

अर्थात, दुखणं शिरेचंच असेल तर हे सगळं. खूर गरम लागतंय आणि पाय अचानक टेकवेनासा झालाय, तर बहुधा खुरात पू झालाय. मग मालिश सोडा, आधी डॉक्टर आणि नालबंदाला बोलवा.