अप्रेंटिसशिप सोडवून मुलाला सीएनसीच्या क्लासला घालू का?

यावेळचं पत्र कराडजवळच्या एका वडिलांचं आहे. मुलगा मशिनिस्ट ट्रेडमधून आयटीआय झालाय, चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागून चार महिने झालेत. वडिलांचं म्हणणं, तिथं नुसतं राबवून घेतात, त्यापेक्षा त्याला काढून पुण्यात 85 हजारांच्या 'हमखास नोकरी'वाल्या सीएनसी (म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन) क्लासला घालतो, कुठला क्लास चांगला ते सांगा.

दादा, क्लासचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय, 'रोज रात्री फोन करून विचारतो पर्मनंट कधी करणार, आता तर तो फोनच उचलत नाही.' तिथंच मी अडकलो. पोरगं आठ तास मशीनवर उभं राहून खोलीवर येतं, आणि ज्याचं उत्तर त्याच्या हातात नाही तोच प्रश्न त्याला रोज, वर चुलतभावाचा पगार ऐकवायचा, मग फोन कशाला उचलेल तो? पर्मनंटचं म्हणाल तर अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, त्यात अप्रेंटिस हा कामगार नसून शिकणारा धरलाय, आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर शेवटी नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. हे त्याला माहीत असेल, तुम्हाला सांगायची हिंमत होत नसेल. पर्मनंटचा विषय काढणं आजपासून बंद करा, एवढं माझं ऐकाच.

आता तुमचं वाक्य, 'ऑपरेटरच्या मागं उभं राहून काय शिकणार?' इथं तुम्ही साफ चुकताय. समजा लेथवर शाफ्टचा पहिला पीस निघाला, मायक्रोमीटर लावला तर व्यास 0.03 मिमी जास्त भरला. आता टूल झिजलंय, का जॉब चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, नीट बसला नाही, का मशीन अजून गरम व्हायचंय, हे सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कारागीर, दोन मिनिटांत ओळखतो आणि टूल झिजलं असेल तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या टूलच्या मापात, तेवढं कमी करून पुढचा पीस लावतो. क्लासमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकवतात, ते चांगलंच आहे, पण तिथं पीस बिघडला तर कुणाचं नुकसान होत नाही, त्यामुळं हा अंदाज तिथं येतच नाही. इंटरव्ह्यूला सेटर सर्टिफिकेट बाजूला ठेवतो आणि ड्रॉइंग पुढं सरकवतो. आणि हमखास नोकरी म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या कंपनीत, किती पगारावर, लेखी द्याल का.

पण तुमची शंका अगदीच चूक आहे असंही मी म्हणणार नाही. चार महिने नुसतं लोडिंग-अनलोडिंग आणि बटण दाबणं चाललं असेल तर ते शिकणं नाही, स्वस्तातला हात आहे तो, आणि असं करणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात, मला त्यांचा संताप येतो. म्हणून मुलाला प्रेमानं विचारा, मायक्रोमीटर स्वतः लावतोस का, ड्रॉइंग वाचून दाखवतं का कुणी, टूल बदलायला देतात का. नाही म्हणाला तर त्यानं सुपरवायझरला स्वतः सांगावं की आठवड्यातून एक दिवस सेटरसोबत द्या. तुम्ही कंपनीत फोन करू नका, त्याची तिथली पत जाईल.

पुढचं थोडक्यात, वर्ष पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, मधेच सोडलं तर ते गेलं. नंतर शिकायचंच असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ते 85 हजार तिकडं वापरा.

एक मात्र लगेच करा. त्याचा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलाय का ते त्याला बघायला सांगा. नोंद नसेल तर नावापुरतं अप्रेंटिस म्हणून कंत्राटी काम करून घेत असतील. मग जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात (अप्रेंटिसशिपचं काम बघणारं केंद्र) जा आणि मला परत लिहा, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.