निरोगी जीवनशैलीची सुरुवात स्वतःकडे लक्ष देण्यापासून करायची, म्हणजे नेमके काय करायचे?

आपण लिहिले आहे की दर काही महिन्यांनी आपण व्यायाम, आहार आणि झोप यांचे नवे वेळापत्रक आखता, ते दहाबारा दिवस टिकते आणि मग सारे बारगळते. तेव्हा सुरुवात नेमकी कोठून करावी? माझे उत्तर कदाचित मिळमिळीत वाटेल. पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहून ठेवा. याच्या उलट वागून मी पाहिलेले आहे. जिमची तीन महिन्यांची फी भरून नऊ दिवस जाणे, उपाशीपोटी दुधीचा रस पिणे, एक तारखेपासून भात बंद करून सात तारखेला दुप्पट खाणे, हे सर्व माझे करून झाले आहे.

मी सांगलीतील एका शाळेच्या कार्यालयात काम करते. २०२२ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, एका किरकोळ शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले तेव्हा माझे एचबीए१सी ६.१ आले. गेल्या दोनतीन महिन्यांत रक्तातील साखर सरासरी किती राहिली, हे या तपासणीवरून कळते, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. माझे वजन ५४ किलो, म्हणून प्रयोगशाळेने नमुन्यांची अदलाबदल केली असावी असेच मला प्रथम वाटले. लग्नाला पंचवीस वर्षे होऊनही आपण सुटलो नाही, याचा मला खरे तर थोडा तोराच होता. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही पाहिले, कारण शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. ते ठीक होते. मग त्यांनी टेप घेऊन कंबर मोजायला लावली. ती ८४ सेंटिमीटर भरली आणि भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा ८० ची आहे (पुरुषांसाठी ९०).

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अंगाने किरकोळ भारतीयांमधील चरबी आणि मधुमेह या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडील माणूस अंगाने किरकोळ दिसत असला तरी आतून तसा नसतो, हे इतक्या सरळपणे मला दुसऱ्या कशानेही पटले नसते. वजनकाट्यावर विसंबून मी इतकी वर्षे स्वतःकडे पाहिलेच नव्हते.

शाळेत उरलेली एक शंभर पानी वही मी घेतली आणि चार रकाने आखले: किती वाजता, काय, कोठे आणि का. पहिले तीन रकाने कोणीही भरू शकतो. चौथ्याने मात्र मला अडचणीत आणले. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीसपन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जात होती. आणि पाचांपैकी तीन कपांसमोर 'का' या रकान्यात 'कोणीतरी आले म्हणून' असे लिहिलेले होते. चतुर्थीला उपवास म्हणून दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. पण सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद वेगळीच होती: 'रात्री ९.४०, उरलेला भात आणि अर्धी पोळी, ओट्याशी उभ्याने, वाया जाऊ नये म्हणून.' पंधरा दिवसांत ही ओळ अकरा वेळा आली होती. घरातील सर्वांची पाने वाढून, शेवटी स्वतः जेवून, आवरताना पातेल्यात जे राहील ते मी संपवत होते आणि त्याला खाणे समजतच नव्हते.

उपाय त्या ओळीतूनच निघाला. तांदूळ मोजण्याची वाटी मी बदलली, लहान घेतली. सासूबाईंनी 'अन्न टाकायचे नसते' असे बजावले, तेव्हा टाकणार नाही, कमीच शिजवीन, असे मी सांगितले. तरीही भात उरला तर तो झाकून लगेच फ्रीजमध्ये आणि सकाळी फोडणीला. दुसरी गोष्ट मला अधिक जड गेली. मी माझे पान सर्वांच्या बरोबरीने वाढून घेऊ लागले. स्वतःची काळजी घेणे हा शब्दप्रयोग ऐकला की लोकांना तेलमालीश आणि सुट्टी आठवते. माझ्यासाठी तो पोळ्या आधी करून ठेवण्याचा आणि आठ वाजता खाली बसण्याचा प्रश्न होता, आणि त्यासाठी घरात दोन आठवडे थोडी कुरकुर सोसावी लागली.

व्यायामाचे म्हणाल तर जेवणानंतर पंधरा मिनिटे गल्लीत चालणे, एवढ्यावरच मी सुरुवात केली. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरची वेळ मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाला विशेष उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, तिथपर्यंत पोहोचायला मला चार महिने लागले. त्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणेबसणे सुरू केले, कारण आमच्यासारख्या किडकिडीत माणसांत अनेकदा चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. झोपेबद्दल फार लिहीत नाही. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला, एवढेच केले.

गणपतीत वही तीन आठवडे बंद पडली. मोदकांचा हिशेब ठेवण्यात अर्थ नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण नंतर मागील पाने भरत न बसता ज्या दिवशी आठवण झाली त्या दिवसापासून पुढे लिहू लागले. सहा महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आले. अजून उंबरठ्यावरच आहे, परंतु कंबर ८१ वर आली आहे आणि दुपारी चार वाजता येणारी गुंगी गेली आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते. खूप तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही होत असेल, तर पंधरा दिवस वही लिहीत बसू नका, आधी रक्त तपासा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, साखर एकदम उतरू शकते.

बाकी आपण उद्या सकाळच्या चहापासून लिहू लागलात तरी चालेल. अक्षर किंवा भाषा सुधारण्याची गरज नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ अशी आहे: 'सकाळी ६.१०, चहा, दोन चमचे साखर, ओट्याशी, का ते माहीत नाही.'