गांजा सुटला, गोळ्यांचा डबा भरला

“गांजा सोडून सात-आठ महिने झाले, तरी डोके जागेवर येत नाही. आता कोणते सप्लिमेंट घेऊ, कोणता आहार धरू?” मी समुपदेशक आहे; माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारण्याआधी बहुतेकांचे स्वतःवर भरपूर प्रयोग करून झालेले असतात. सोलापुरातील अशाच एका तरुणाच्या अनुभवाच्या आधारे मी त्याचे उत्तर देणार आहे. त्याची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

हा तरुण चोविशीतला, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहणारा. पुण्यात शिकत असताना मित्रांबरोबर गांजा ओढण्यास सुरुवात झाली आणि पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत ते जवळजवळ रोजचे झाले. एका रात्री नेहमीपेक्षा जहाल माल ओढल्यावर त्याच्या छातीत धडधडू लागले, हातपाय गार पडले आणि आपण वेडे होणार किंवा मरणार, अशी भीती त्याच्या मनात बसली. त्या रात्रीनंतर त्याने गांजाबरोबर सिगारेटही सोडली आणि तो घरी परतला. त्रास मात्र मागे राहिला. आजूबाजूचे सगळे काचेपलीकडे घडत असल्यासारखे वाटणे, स्वतःचा आवाज परका वाटणे, वाचलेले डोक्यात न टिकणे आणि दिवसभर मनाच्या तळाशी एक धास्ती असणे, अशा त्याच्या तक्रारी होत्या. “मॅडम, माझा मेंदू कायमचा खराब झालाय का, एवढंच सांगा,” असे तो पहिल्याच भेटीत म्हणाला.

त्याच्या आईची तक्रार वेगळी होती. “जेवण सोडून हा नुसत्या गोळ्याच खायलालाय, मॅडम. रात्रभर मोबाईलवर त्याचंच वाचत बसतोय.” आईने घरून आणलेला प्लॅस्टिकचा डबा माझ्या टेबलावर रिकामा केला, तेव्हा तिच्या बोलण्यात अतिशयोक्ती नसल्याचे दिसले. त्यात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या, मॅग्नेशियम होते, अश्वगंधा आणि ब्राह्मी होती, जिन्को होते, बी-कॉम्प्लेक्सच्या दोन निरनिराळ्या बाटल्या होत्या, केसांसाठी म्हणून घेतलेले बायोटिन होते, एन-ॲसिटिल सिस्टीन होते, परदेशी बनावटीचे फाइव्ह-एचटीपी होते आणि ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या होत्या. या सगळ्यांच्या तळाशी एस्सिटॅलोप्रॅम या चिंता-नैराश्यावरील औषधाची अर्धवट संपलेली एक पट्टी होती. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी लिहून दिलेले हे औषध तो वाटेल तेव्हा घेत होता आणि वाटेल तेव्हा सोडत होता.

डब्याबरोबर एक वहीही होती, आणि माझ्या दृष्टीने ती डब्याहून महत्त्वाची होती. पानावर उभे रकाने आखून त्याने तासातासाला ‘डोके किती साफ’ याचे दहापैकी गुण लिहिले होते. “११.०० – ४. मॅग्नेशियम घेतले. ११.४० – ५? १२.३० – ३. काल रात्री भाकरी खाल्ली म्हणून?” प्रश्नचिन्हे पानोपानी होती. प्रामाणिकपणाच्या बाबतीत या वहीला नाव ठेवायला जागा नव्हती, परंतु तिच्यातून काहीही सिद्ध होण्यासारखे नव्हते, कारण त्याच आठवड्यात त्याने दोन नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या, एक बंद केली होती, भाकरी-भात सोडून कीटो, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य असलेला, आहार धरला होता आणि सकाळचे जेवण टाळून सोळा तासांचा उपासही चालवला होता. बरे वाटले तरी कशामुळे वाटले आणि बिघडले तरी कशामुळे बिघडले, हे त्यातून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

मेंदू कायमचा खराब झाला का, या त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देणे आवश्यक होते, कारण सगळ्या धडपडीच्या मुळाशी तीच भीती होती. रोज ओढणाऱ्याने गांजा थांबवला की एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक मंदावणे आणि झोप उडणे सुरू होते; पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत तो ओसरतो, मात्र झोपेची तक्रार आणि विचित्र स्वप्ने त्याहून लांबू शकतात. गांज्यातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य मेंदूतील पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर) काम करते, त्यांची रोजच्या सेवनाने घटलेली संख्या सुमारे चार आठवडे गांजा वर्ज्य केल्यानंतर मेंदूच्या बहुतेक भागांत पूर्ववत होते, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. म्हणजे सात-आठ महिन्यांनंतरही टिकलेला त्रास हा ‘अंगात उरलेल्या गांज्याचा’ असण्यापेक्षा, त्या रात्रीच्या भीतीने सुरू झालेल्या आणि नंतर स्वतःच्या बळावर चालू राहिलेल्या चिंतेचा असण्याचा संभव अधिक होता. जग खरे न वाटण्याचा हा अनुभव तीव्र चिंतेत आणि पॅनिकच्या, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या, झटक्यानंतर येतो. तो अतिशय भयावह असला तरी त्यात माणसाचे वास्तवाचे भान सुटलेले नसते, कारण ‘मला असे वाटते आहे’ हे त्याला ठाऊक असते.

हा फरक मी मुद्दाम सांगते. कानात आवाज येऊ लागले, कोणी आपल्यावर पाळत ठेवत आहे अशी खात्री वाटू लागली, रात्रीच्या रात्री झोप नाही तरी थकवा नाही अशी अवस्था आली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मामला वेगळा असतो आणि तिथे समुपदेशकाची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते. या तरुणाला यांपैकी काही नव्हते, तरीही मी पुढचे काही करण्याआधी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण डब्यातील काही गोष्टींनी मला अस्वस्थ केले होते. गोळी सुरू करा किंवा बंद करा असे सांगण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही.

डॉक्टरांनी सर्वप्रथम एस्सिटॅलोप्रॅम आणि फाइव्ह-एचटीपी या जोडीवर बोट ठेवले. दोन्हींमुळे सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन वाढते आणि ती एकत्र घेतल्यास थरथर, घाम, जुलाब, धडधड, अस्वस्थता येऊ शकते, आणि टोकाच्या प्रसंगी ताप चढून जिवावरही बेतू शकते. मधूनमधून येणारी हातांची थरथर आणि जुलाब हे गांज्याचे नुकसान आहे, असे हा मुलगा समजत होता आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक बाटली मागवत होता. दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. साठ हजार युनिटची पुडी साधारणतः आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. याने ती दिवसाआड घेतली होती. हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साठते आणि अति झाले की रक्तातील कॅल्शियम वाढवते. सतत तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. रक्ततपासणीत त्याचे ड जीवनसत्त्व गरजेपेक्षा खूप जास्त आणि कॅल्शियम वरच्या मर्यादेला टेकलेले निघाले. डोके जड वाटण्यात याचा वाटा किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकले नाही, पण पुड्या त्याच दिवशी बंद झाल्या.

थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांनी बायोटिन थांबवायला लावले, कारण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. अश्वगंधाही बंद झाली. ती थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते आणि काही जणांच्या यकृताला तिने इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे काही होत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते की त्याचा प्रतिवाद करण्याचाही आता कंटाळा येतो. बी-कॉम्प्लेक्सच्या दोन बाटल्या मिळून बी-६ची मात्रा बरीच होत होती, आणि हे जीवनसत्त्व दीर्घकाळ अति घेतले तर नसांनाच इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात. तेव्हा नसांसाठी म्हणून घेतलेली गोळीही नसांवर उलटू शकते. सप्लिमेंटच्या डब्यांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे भारतात २०१६च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याने तो मजकूर कधी वाचला नव्हता. बहुतेक जण वाचत नाहीत.

एन-ॲसिटिल सिस्टीनबद्दल तो अडून बसला, आणि त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. किशोरवयीन आणि तरुण मुलांवरील २०१२च्या एका चाचणीत हे घेणाऱ्यांना गांजा टाळण्यात काही मदत झाल्याचे दिसले होते. पुढे २०१७मध्ये प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. शिवाय दोन्ही चाचण्या गांजा सोडण्याविषयी होत्या, सोडल्यानंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या धुकटपणाविषयी नव्हत्या. एका प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवण्याची ही चूक चांगले शिकलेले लोकही करतात. हे त्याला आकड्यांनिशी दाखवल्यावर त्याचा हट्ट सुटला. हिशेबनीस असल्याचा तेवढा उपयोग झाला.

आहाराची बाजू अधिक सोपी होती, पण तीच त्याला पटायला सर्वांत जड गेली. कीटोच्या सुरुवातीच्या काळात थकवा, चिडचिड आणि डोके जड होणे हे अनेकांना होते. बराच वेळ उपाशी राहिल्यावर येणारी थरथर, घाम आणि धडधड ही पॅनिकच्या झटक्याशी इतकी मिळतीजुळती असते की आधीच घाबरलेला माणूस ती भुकेची आहे हे ओळखूच शकत नाही. त्यातच उपास निभावण्यासाठी तो दिवसभर काळी कॉफी पीत होता. धूम्रपानामुळे यकृतात कॅफिनचा निचरा वेगाने होतो आणि ते सुटले की हा वेग मंदावतो. म्हणजे सिगारेट आणि गांजा सोडलेल्या माणसाला पूर्वीइतकीच कॉफी आता अधिक चढते. हे कळल्यावर तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे मी कॉफीवरच घाबरत होतो की.” सगळे त्यावर ढकलणे योग्य नव्हते, परंतु संध्याकाळच्या धडधडीतला काही भाग तरी तिचा होता.

मग आम्ही एक साधी व्यवस्था ठरवली. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रोज ठरलेल्या वेळी घ्यायचे आणि स्वतःच्या मनाने सोडायचे नाही. बाकीचा डबा आईच्या कपाटात ठेवायचा. दिवसातून तीन वेळा घरचे जेवण, म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाची चटणी, दही किंवा ताक. दुपारी बारानंतर कॉफी नाही, चहा अर्धा कप. नवा बदल एका वेळी एकच, आणि तो किमान दोन आठवडे टिकवून मगच त्याबद्दल बोलायचे. घर शाकाहारी असल्याने बी-१२ची तपासणी गोळ्या थांबवल्यानंतर काही काळाने डॉक्टरांनी पुन्हा करवली, कारण गोळ्या चालू असताना रक्तातील पातळी भरपूर दिसते आणि खरी कमतरता झाकली जाते. ती थोडी कमी निघाली आणि डॉक्टरांनीच तेवढे एक पूरक ठरावीक मात्रेत सुरू केले. पूरक घटकांना माझा विरोध नाही. कमतरता मोजून भरून काढणे आणि भीती दिसेल त्या बाटलीने बुजवणे यांत मात्र फार अंतर आहे.

वही बंद केली नाही, पण तिचे रकाने बदलले. तासातासाचे गुण गेले; त्याऐवजी रात्री एकदाच झोप किती झाली, जेवणे किती झाली, कामावर गेला का आणि कोणाशी बोलला, एवढेच लिहायचे. ज्या क्षणी माणूस स्वतःला ‘आता जग खरे वाटते का?’ असे विचारतो, त्या क्षणी तो जगात वावरणे थांबवून त्याची परीक्षा घेऊ लागतो, आणि परीक्षेखाली ठेवलेली कोणतीही गोष्ट परकी वाटू लागते. काचेचा अनुभव आला की तो घालवण्यासाठी काहीही न करता हातातले काम चालू ठेवायचे, हा सराव आम्ही आधी माझ्या खोलीत आणि मग त्याच्या कारखान्यात, बिले जुळवताना, असा पायरीपायरीने केला. जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, पाळण्यांच्या दिव्यांत आणि गर्दीत, त्याला तो अनुभव पुन्हा जोरात आला. पूर्वी तो घरी पळून एखादी गोळी शोधत बसला असता. या वेळी चुलत भावाबरोबर तिथेच थांबला, भाकरीच्या स्टॉलवर जेवला आणि तासाभरात त्रास आपोआप उतरला. ही गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा त्याला भीती न वाटल्याचा आनंद नव्हता, कारण भीती वाटलीच होती. भीती वाटत असूनही जेवता आले याचे त्याला नवल वाटत होते.

वडिलांशी मला स्वतंत्रपणे बोलावे लागले. मुलगा दिसला की ते “आता कसं वाटतंय?” असे विचारत. हेतू मायेचा, पण तो प्रश्न म्हणजे जुन्या वहीचाच एक रकाना होता. त्याऐवजी त्यांनी त्याच्याशी कारखान्यातल्या ऑर्डरींबद्दल बोलावे असे सुचवले. त्यांना ते जमायला वेळ लागला.

आता धुकटपणा अधूनमधून येतो, विशेषतः जागरण झाले तर. आठवड्यातले बरेच दिवस त्याला तो आठवतही नाही. औषध किती काळ चालू ठेवायचे, हे डॉक्टर ठरवतील. गेल्या भेटीत त्याने व्यायामशाळेतल्या मित्राने सुचवलेल्या क्रिएटिन या स्नायूंच्या ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या सप्लिमेंटबद्दल विचारले. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले, आणि पुढच्या रक्ततपासणीआधी ते सुरू करू नकोस, केलेच तर डॉक्टरांना सांगून कर, कारण त्याने मूत्रपिंडाच्या अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो, एवढे सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि शेजारी तारीख टाकली. प्रश्नचिन्ह टाकले नाही.