लिखित रोलप्लेमध्ये लोक पात्र तयार करून गायब होतात. महिन्याला किमान पोस्टची अट घालावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ग्रुपात सव्वीस जण, नियमाने लिहिणारे सहा-सात, बाकीचे पात्राची ओळख लिहून गेले ते गेलेच. म्हणून महिन्याला दहा पोस्टची सक्ती करायची आणि जो भरणार नाही त्याला काढायचं. शिवाय एक जण रोज वीस-वीस पोस्ट टाकतो, त्याचं काय करायचं, हेही विचारलंय.

अट घालू नका. मी घातली होती.

मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासते, त्यामुळे माणसं मोजायची म्हटलं की हात आपोआप एक्सेलकडे जातो. आमचा खेळ होता १७६१ सालच्या पुण्यात. पानिपत होऊन दोन-तीन महिने झालेत, कोण गेलं आणि कोण परत येतंय याचा पत्ता नाही, पेठांमध्ये रोज नवी अफवा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या बाजूने एक परिच्छेद लिहायचा, मग समोरच्याने पुढचा. फासे नाहीत, गुण नाहीत. कारकून होता, कासारीण होती, जासूद होता, एका सावकाराची सून होती. अठरा जण होतो. सहाव्या महिन्यात तुमच्यासारखंच झालं, आणि मी फर्मान काढलं: महिन्याला दहा पोस्ट, नाहीतर पात्र रद्द.

आकडे लगेच सुधारले. कसे, ते सांगते. पहिल्याच महिन्याच्या तीस तारखेला रात्री साडेदहा ते बाराच्या दरम्यान धडाधड पोस्ट पडल्या. ‘कासारणीने मान डोलावली.’ ‘जासूद खाकरला.’ ‘कारकुनाने उपरणं झटकलं.’ ‘जासूद पुन्हा खाकरला.’ त्या एका रात्रीत कारकुनाने चार वेळा उपरणं झटकलं आणि जासुदाला बहुतेक क्षय झाला असावा. कोटा बहुतेकांचा भरला, गोष्ट होती तिथेच. एकोळी पोस्टींचा खरा त्रास पुढे होतो. ‘मान डोलावली’ याला समोरच्याने उत्तर काय द्यायचं? त्याला धरायला काही नसतं, म्हणून तोही मान डोलावतो.

ही अर्धीच गंमत. सावकाराची सून खेळणाऱ्या बाई शाळेत शिकवायच्या. महिन्याला दोन, फार तर तीन पोस्ट. पण त्यांच्या प्रत्येक पोस्टच्या शेवटी एखादं दार उघडं असायचं. एकदा त्यांनी लिहिलं, की सुनेने हुंडी उशीखाली सरकवली, दिवा बारीक केला, आणि ओसरीवर कुणाची तरी पावलं वाजली. बस्स, तिथे सोडून दिलं. पावलं कुणाची? तिघं जण लिहायला धावले, आठवडाभर तो धागा, म्हणजे त्या दृश्याच्या पोस्टींची माळ, खाली बसला नाही. माझ्या तक्त्यात मात्र त्यांच्यापुढे आकडा दोन आणि रंग लाल. सगळ्या लालवाल्यांना जातो तोच ठरलेला इशारा त्यांनाही गेला. त्यांचं उत्तर आलं: ‘ताई, पाळी माझी नव्हतीच. एकोणीस दिवस मी कारकुनाच्या उत्तराची वाट बघतेय.’

कारकून त्या महिन्यात एकतीस पोस्ट टाकून यादीत पहिला होता. त्यातल्या वीसएक गप्पांच्या धाग्यावरच्या. बाई पुढच्या महिन्यात शांतपणे निघून गेल्या.

तेव्हापासून मी कोण किती लिहितं हे मोजायचं बंद केलं आणि कोण कुणाला किती दिवस ताटकळत ठेवतं हे मोजायला लागले. तक्ता साधा आहे: धागा, शेवटचं कुणी लिहिलं, कोणत्या तारखेला, आता पाळी कुणाची. एवढ्या चार रकान्यांत ग्रुपची नाडी कळते. आज रात्री तुमच्या गप्प बसलेल्या एकोणीस जणांचे शेवटचे धागे उघडून बघा. माझा अंदाज आहे की त्यातल्या बऱ्याच धाग्यांत शेवटची पोस्ट त्या ‘गायब’ माणसाचीच असेल. तो लिहून थांबला, त्याला कुणी उत्तर दिलं नाही, चार दिवस वाट बघून त्याने नाद सोडला. नव्या माणसाच्या बाबतीत तर हे हमखास होतं. जुन्यांची आपसांत गट्टी असते, नवा येऊन बाजारात एकटाच उभा राहतो. आम्ही शेवटी असं ठरवलं, की नव्या पात्राची ओळख मंजूर झाली की तीन दिवसांत एका जुन्या सदस्याने त्याच्याबरोबर दृश्य सुरू करायचंच. कुणी, तेही आधीच ठरलेलं. सुनांच्या पाळ्यांसारखं.

पाळी चुकली तर काय, याला जुनं उत्तर आहे. ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ १९५९ साली बाजारात आला आणि १९६३पासून लोक तो टपालाने खेळायला लागले. एकेका चालीला आठवडे लागायचे, त्यामुळे एखाद्याचं पत्र वेळेत न येणं हे नेहमीचंच. तिथला रिवाज असा, की पत्र आलं नाही तर त्या खेळाडूची सैन्यं जागच्या जागी थांबतात आणि खेळ पुढे सरकतो. सतत दांड्या मारणाऱ्याच्या जागी राखीव खेळाडू घेतात. कुणाला शिक्षा नाही, पण एकामुळे सहा जण अडकूनही पडत नाहीत. मी हेच उचललं. पाच दिवस झाले की खाजगीत एक ओळ, तीही ‘बरं आहे ना?’ या सुरात. दहा दिवस झाले की पाळी पुढे जाते, त्याचं पात्र दृश्यात गप्प उभं राहतं. तीन आठवडे झाले की पात्राला दृश्यातून बाहेर काढायचं. आणि हे दिवस सगळ्या धाग्यांना सरसकट लावू नका. धागा उघडतानाच लिहून टाका: रोजचा, आठवड्याचा की जमेल तसा. दोघांना जमेल तसं चालत असेल तर तिसऱ्याने, म्हणजे ॲडमिनने, मध्ये तोंड घालू नये. एका दृश्यात तीनपेक्षा जास्त लोक ठेवू नका, हेही अनुभवाचे बोल. सहा जणांची पंगत एकाच्या वरणासाठी थांबते.

बाहेर काढलेल्या पात्राचं काय, हा भाग मला सगळ्यांत आवडतो. बहुतेक ठिकाणी पात्र मारून टाकतात किंवा पुसून टाकतात. आमच्याकडे काळच असा होता की माणूस नाहीसा होणं हीच बातमी होती. सदाशिवरावभाऊ पडले की निसटले, यावर पुढे किती वर्षं वाद चालला आणि त्यांचं नाव सांगणाऱ्या तोतयाने केवढा गोंधळ घातला, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून आम्ही कुणालाच मारलं नाही. गेलेला खेळाडू ‘उत्तरेकडे गेला’. त्याचं घर, देणं, बायको, घोडा, सगळं खेळात तसंच. जासूद खेळणारा मुलगा नोकरी बदलून गायब झाला आणि पाच महिन्यांनी परतला, तेव्हा त्याला साधं ‘वेलकम बॅक’ मिळालं नाही. पेठेतल्या लोकांनी त्याला ओळखायलाच नकार दिला. हा आपला जासूद कशावरून? कासारणीने विचारलं, माझ्याकडून घेतलेल्या बांगड्यांचा रंग सांग. तो बिचारा रात्रभर जुने धागे चाळत बसला आणि रंग शोधून काढला. हिरव्या. गैरहजेरीची त्याला वाटत असलेली लाज कुठल्या कुठे गेली आणि आम्हाला दीड महिन्याची गोष्ट मिळाली. तुमचा खेळ अंतराळात असो की भुताच्या वाड्यात, परत यायला अशी एक वाट ठेवा. समजा पात्राचं नाव अंजली, तर ‘अंजली आजारी आहे’ एवढं पुरतं. ‘अंजली मेली’ असं लिहिलंत की अंजली लिहिणारी पुन्हा येत नाही.

हजेरी घ्याच, पण वर्षातून तीन-चारदा, आणि ‘आहे’ एवढ्यावर थांबू नका, कारण ‘आहे’ टाकून लोक पुन्हा झोपतात. चार पर्याय द्या: चालू, संथ, रजा, निरोप. ‘निरोप’ हा पर्याय ठेवलात की बरेच जण हायसं वाटून तो घेतात. नुसतं तोंड चुकवण्यापेक्षा ते बरं. वेळ मात्र बघून निवडा. गणपतीत, दिवाळीत, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत घेतलीत तर निम्मा ग्रुप नापास. माझ्या स्वतःच्या नियमाने पहिली हद्दपार झाले असते ती मीच. मार्चअखेर होती, मी चोवीस दिवस लॉगिनसुद्धा केलं नव्हतं.

आता यंत्राचं. तुम्ही काय वापरता ते लिहिलं नाहीत. पीएचपीबीबी, म्हणजे चर्चामंच चालवायचं सॉफ्टवेअर, असेल तर प्रत्येक विभागाच्या परवानग्यांमध्ये तिथल्या पोस्ट सदस्याच्या आकड्यात धरायच्या की नाही हे ठरवता येतं. गप्पा, शब्दखेळ, वाढदिवस या विभागांना ते बंद करून टाका. दुसरं, पोस्टसंख्या पुन्हा जुळवून घेण्याचं जे बटण आहे, ते दहादा विचार करून दाबा. ते फक्त अस्तित्वात असलेल्या पोस्ट मोजतं, छाटलेल्या धाग्यांतल्या धरत नाही. मी जागा वाचवण्यासाठी जुने संपलेले धागे छाटले होते आणि नंतर एका रविवारी हिशेब टापटीप असावा म्हणून ते बटण दाबलं. चौदाशेवर असलेला एक सदस्य साडेतीनशेवर आला. त्याच्या नावाखालची ‘सरदार’ ही पदवी जाऊन ‘शिलेदार’ झाली. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय! त्या माणसाने मला तीन परिच्छेदांचं पत्र लिहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याने खेळात लिहिलेल्या कुठल्याही पोस्टपेक्षा ते सरस होतं. मी पदव्या आकड्यावरून काढून हाताने द्यायला लागले. पहिल्यांदा काही जण रुसले, मग विसरले.

निष्क्रिय सदस्य छाटायची सोय तिथेच आहे. त्यात खातं निष्क्रिय करायचं की पुसायचं हे विचारतात, आणि पुसताना पोस्टही पुसायच्या का, तेही. पोस्ट कधीही पुसू नका. एकाचं लिखाण गेलं की त्याच्याबरोबर लिहिलेल्या दोघांची गोष्ट भोकं पडलेल्या चाळणीसारखी दिसते. शून्य पोस्टची, महिनोन्महिने न फिरकलेली, विचित्र नावांची खाती मात्र खुशाल उडवा. त्यातले निम्मे बॉट आणि उरलेले कुणाचे तरी डु-आयडी, म्हणजे त्याच माणसाची दुसऱ्या नावाची खाती.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर असाल तर एक गोष्ट बघा: तिथले थ्रेड काही काळ कुणी लिहिलं नाही की आपोआप यादीतून आत जातात, आणि ती मुदत जास्तीत जास्त आठवडाभराची ठेवता येते. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्याला आपलं दृश्य दिसतच नाही आणि त्याला वाटतं संपलं. त्याची लिंक तक्त्यात ठेवा.

वाचनमात्र लोकांचा एवढा राग नको. वेबसाइटचा वापर लोक कसा करतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ साली ऑनलाइन समूहांसाठी ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. सव्विसात सात लिहिते म्हणजे तुमची परिस्थिती वाईट नाहीच. ज्यांना फक्त वाचायचंय त्यांचं पात्र रिकामं करा, त्यांना ‘वाचक’ करून ठेवा. आमच्या एक वाचक काकू न्यू जर्सीहून दर शनिवारी चुका काढायच्या: ‘पुण्यात १७६१ साली बटाटेवडा कुठून आला?’ अशा. दहा पोस्टींपेक्षा ती एक ओळ कामाची.

राहिला तुमचा रोज वीस पोस्टवाला. त्याला काढू नका, त्याचा वेग वाईट नाही, फक्त बाकीचे त्याच्याखाली चिरडतात. धाग्यात आणखी दोघांनी लिहिल्याशिवाय पुन्हा लिहायचं नाही, एवढा एक नियम ठेवा. डिस्कॉर्डवर स्लोमोड, म्हणजे एकाच्या दोन पोस्टींमध्ये सक्तीचं अंतर, लावता येतो, सहा तासांपर्यंत. पण नुसतं बांधून ठेवलंत तर तो कंटाळून जाईल, त्याला काम द्या. आमच्या एकतीस पोस्टवाल्या कारकुनाला आम्ही अखबारनवीस केलं. दर रविवारी त्याने आठवड्याची खबर लिहायची: कुठल्या पेठेत काय झालं, कोण कुणाला भेटलं, कुणाच्या उत्तराची कोण वाट बघतंय. सगळं त्या काळच्या पत्रांच्या थाटात. महिनाभर मागे पडलेला माणूस ते वाचून पाच मिनिटांत पुन्हा खेळात येतो. आणि ‘अमुक यांचे उत्तराची प्रतीक्षा आहे’ अशी जाहीर ओळ निघाली, की माझ्या खाजगी निरोपाची गरजच उरत नाही. उपरणं तो अजून झटकतो, पण आठवड्यातून एकदाच.