सगळ्यांना ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी

“मला कुणाला नाहीच म्हणता येत नाही हो.” जळगावात समुपदेशन करताना हे वाक्य सतत कानावर पडतं. कधी बँकेतला कारकून, कधी शिक्षिका. मागून लोक यांना ‘पुढेपुढे करणारी’ म्हणतात, तोंडावर ‘किती गुणाची!’

अमळनेरकडची एक सून (ओळख पटेल असे तपशील बदललेत). हातांवर झुलवत पसरलेला पुरणाचा मांडा ती न फाटू देता खापरावर टाकते. म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचा सण) नणंदा माहेरी आल्या की ही चुलीपाशी. लग्नानंतर स्वतःच्या माहेरची आखाजी तिला मिळालीच नव्हती.

“मग यंदा जायचंय म्हणून सांगा की.”

“त्यांना वाईट वाटेल, मॅडम.”

“वाटलं तर?”

“मी मनातून उतरेन त्यांच्या.”

बरेच दिवस गाडी इथेच अडली. एकदा मी विचारलं, “नणंदेला तुमचं काय आवडतं?”

“मांडे.” पटकन उत्तर.

“ते सोडून?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “माहीत नाही. ते कळायची वेळच मी कधी येऊ दिली नाही.”

हे मी शिकवून तिच्या तोंडी आलं नसतं. मी मात्र प्रश्न योग्य वेळी विचारला, एवढं श्रेय घेते! ज्याच्या तोंडून कधी ‘नाही’ निघत नाही, त्याला आपण आवडतो की आपलं काम, हे कळत नाही. म्हणून कौतुक झालं तरी पोट भरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. सर्वांची पसंती मिळालीच पाहिजे हा हट्ट माणसाला छळतो, हे त्यांचं म्हणणं मला रोज पटतं. पसंती हवी वाटणं गैर नाही, हट्ट गैर.

सुरुवात सासूपासून करू नका. भिशीतल्या मैत्रिणीला आधी सांगा, “माले जमाव नही” (मला जमणार नाही). लगेच होकार देण्याऐवजी ‘बघून सांगते’ म्हणा. कारणं लांबवू नका. प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो. नंतर जीव खालीवर होईल, तो होऊ द्या, ओसरतो. मात्र ‘नाही’ म्हटल्यावर मार बसत असेल, तर तुमचा ‘हो’ ही सावधगिरी आहे. तिथे आधी सुरक्षिततेची सोय बघा.

यंदा आखाजीला तिने सकाळी मांडे केले आणि दुपारच्या एसटीने माहेर गाठलं. सासू दोन दिवस घुश्शात होत्या. धाकट्या नणंदेने मात्र फोन करून विचारलं, “वहिनी, झोका खेळलात का?”