तीन शाळांतून ३८४ विद्यार्थी घेतले, तर निष्कर्ष पूर्ण जिल्ह्याला लावता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी जिल्ह्यातल्या सातवीच्या मुलांची गणितातली संपादणूक तपासायची आहे. गाइड म्हणतात जनसंख्येच्या (म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्या मुलांच्या) दहा टक्के घ्या, सीनियर म्हणतात तक्त्यातले ३८४ घ्या, आणि ओळखीच्या तीन मोठ्या शाळांत मिळून तेवढी मुलं आठवड्याभरात उरकतील.

प्रबंध मंजूर व्हायला बहुतेक चालून जाईल. जिल्ह्याबद्दल एक वाक्य बोलायला मात्र नाही चालणार.

दहा टक्क्यांचं आधी निकालात काढू, कारण त्याला कसलाच आधार नाही. अंदाज किती नेमका येणार हे मुख्यतः नमुन्यात किती जण आहेत यावर ठरतं. ते एकूण समूहाच्या किती टक्के आहेत यावर जवळजवळ नाहीच. तुमच्या सीनियरनी दिलेला तक्ता क्रेजसी आणि मॉर्गन यांचा, १९७० सालचा. तोच नीट बघा. जनसंख्या १,००० असेल तर नमुना २७८, १०,००० असेल तर ३७०, आणि थेट दहा लाख असेल तर ३८४. जनसंख्या हजार पटींनी वाढली आणि नमुना शंभरेकाने. दहा टक्क्यांचा नियम पाळला तर पहिल्या ठिकाणी १०० मुलं घेऊन तुम्ही कमी पडाल आणि शेवटच्या ठिकाणी एक लाख मुलं तपासत निवृत्त व्हाल.

मग ३८४ बरोबर? आकडा बरोबर आहे, पण त्याच्यामागे एक अट आहे आणि ती कुणी वाचत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक सातवीच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी एकाच डब्यात टाकली, डबा हलवला आणि ३८४ चिठ्ठ्या उचलल्या, असं तो तक्ता धरून चालतो. तुम्ही चिठ्ठ्या मुलांच्या नाही, शाळांच्या उचलताय, आणि त्याही डोळे उघडे ठेवून. खरी गोम इथे आहे.

एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. गणिताचे गुरुजी तेच, गाव तेच, पालकांची परिस्थिती साधारण तीच. शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी असेल तर ती सगळ्यांसाठीच रिकामी. त्यामुळे त्या शाळेतलं पहिलं मूल तुम्हाला बरंच काही सांगतं, दहावं थोडंसं, आणि शंभरावं जवळपास काहीच नवं सांगत नाही. हे सारखेपण ० ते १ या मापात मोजता येतं. आपण ०.२ धरू, शालेय गुणांत हा आकडा काही अचाट नाही. आता सूत्र: एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, ०.२ ने गुणा, त्यात एक मिळवा. एका शाळेतून १२८ मुलं म्हणजे १२७ × ०.२ + १ = २६.४. तुमच्या ३८४ ला २६.४ ने भागा. उरली साधारण १५.

म्हणजे तुम्ही ३८४ उत्तरपत्रिका तपासणार आणि माहिती मिळणार चिठ्ठ्या टाकून काढलेल्या पंधरा मुलांएवढी. समजा तुमच्या नमुन्यात ६० टक्के मुलांना भागाकार आला. यावरून जिल्ह्याचा आकडा सांगायचा तर 'कुठेतरी ३४ ते ८६ टक्के' असं म्हणावं लागेल. ते सांगायला सर्वेक्षण कशाला हवं? आणि हेसुद्धा त्या तीन शाळा सोडत काढून आल्या असत्या तर. ओळखीच्या शाळांना तेवढाही आधार नाही.

आता तेवढ्याच कष्टात काय करता येईल ते बघा. यू-डायसमधून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातून, जिल्ह्यातल्या सातवी असलेल्या सगळ्या शाळांची यादी आणि प्रत्येकीचा सातवीचा पट मिळवा. यादी तालुकावार लावा, म्हणजे सगळे तालुके आपोआप नमुन्यात येतात. पटाच्या रकान्याशेजारी चढती बेरीज मांडत जा: पहिल्या शाळेत ४२ मुलं, बेरीज ४२, दुसरीत ११८, बेरीज १६०, तिसरीत २१, बेरीज १८१, असं शेवटपर्यंत. समजा शेवटची बेरीज १२,००० आली आणि तुम्हाला ३० शाळा हव्यात. १२,००० भागिले ३० म्हणजे ४०० चं अंतर. एक ते ४०० मधला एक आकडा सोडतीने काढा, एक्सेलला काढायला सांगा हवं तर. निघाला १३७. चढत्या बेरजेत १३७ कुठे बसतो? दुसऱ्या शाळेत. ती निवडली. पुढे ५३७, मग ९३७, असं चारशे-चारशेने उड्या मारत जा. निवडलेल्या प्रत्येक शाळेत हजेरीपटावरून १२ मुलं पुन्हा सोडतीने.

मोठ्या शाळेची निवड होण्याची शक्यता जास्त, पण तिथे गेल्यावर एकेका मुलाची शक्यता तेवढ्याच पटीने कमी. दोन्ही एकमेकांना खातात आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला नमुन्यात येण्याची शक्यता सारखीच राहते, इथे १०० त ३. पट १२ पेक्षा कमी असलेल्या शाळा मात्र सुट्या ठेवू नका. यादी करतानाच शेजारच्या शाळेला जोडून एक घटक धरा, नाहीतर वाड्यावस्त्यांवरच्या मुलांचा हिशोब बिघडतो.

तीस शाळा गुणिले बारा म्हणजे ३६० मुलं. तोच हिशोब लावला तर ही ११२ मुलांच्या मोलाची ठरतात. ६० टक्क्यांचा अंदाज आता ५१ ते ६९ असा येतो. फार नेमका नाहीच, पण त्यावर बोलता तरी येतं. उत्तरपत्रिका ३८४ पेक्षा कमीच. वाढतो तो एसटीचा प्रवास आणि मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेरचा ताटकळा.

त्या ऑफिसात काय होणार तेही सांगून ठेवतो. 'बारा मुलं ना? चुणचुणीत देतो तुम्हाला, उगाच वेळ जाणार नाही.' यात लबाडी नसते, पाहुणचार असतो. तरी हजेरीपट मागून घ्या. पां. वा. सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ, यांनी १९४० च्या दशकात पीककापणी प्रयोगांबद्दल (शेतातला एक छोटा प्लॉट कापून उत्पादनाचा अंदाज काढायचा) असंच काहीसं दाखवलं होतं. प्लॉट किती मोठा घ्यावा यावर त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा वाद होता. सुखात्म्यांचं म्हणणं असं की प्लॉट फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं, कारण हद्दीच्या रेषेवर आलेलं रोप आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा हात वळतो, आणि प्लॉट जितका लहान तितकी रेषेवरची रोपं प्रमाणात जास्त. असे लहान प्लॉट आणखी हजार घेतले तरी फुगवटा तेवढाच राहतो. मुख्याध्यापकांनी काढून दिलेली चुणचुणीत मुलं ही रेषेवरची रोपं.

हजेरीपटावर नाव आहे पण मूल गैरहजर, असंही होईल. त्याच्या जागी शेजारचं मूल बसवू नका, जमलं तर दुसरी फेरी मारा. सतत गैरहजर राहणाऱ्यांचं गणित हजर राहणाऱ्यांसारखंच असेल असं धरायला काही कारण नाही. जिल्हा बीडसारखा ऊसतोडीचा असेल तर महिनासुद्धा नमुन्याचा भाग होतो. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेली मुलं जानेवारीच्या चाचणीत सापडणारच नाहीत. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचं मुलांच्या वाचन-गणिताचं 'असर' सर्वेक्षण शाळेऐवजी घरोघर जातं ते शाळेत न सापडणारी मुलंही त्यात यावीत म्हणून. २००५ पासून चालू असलेल्या या सर्वेक्षणाची नेहमीची रीत म्हणजे प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ३० गावं आणि गावागणिक २० घरं. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेली असतात, म्हणजे वरचीच चढती बेरीज.

आता विश्लेषण. दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे बघायला प्रबंधांत बहुधा टी-टेस्ट लावतात, तिच्याबद्दल एवढंच. समजा तुमच्या तीन शाळांपैकी दोन मराठी माध्यमाच्या आणि एक इंग्रजी. तुम्ही ३८४ मुलांचे गुण टाकले आणि सॉफ्टवेअरने '०.०१ स्तरावर सार्थक' (म्हणजे फरक योगायोगाने आला असं म्हणणं कठीण) असा निकाल दिला. सॉफ्टवेअर प्रत्येक मूल स्वतंत्र धरतंय. शाळा नावाची गोष्ट त्याला तुम्ही सांगितलेलीच नाही. प्रत्यक्षात तुलना आहे दोन शाळा विरुद्ध एक शाळा अशी. जो फरक दिसला तो माध्यमाचा, की त्या एका शाळेतल्या गणिताच्या बाईंचा, हे या आकड्यांतून कुणालाच सांगता येणार नाही. मग शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'दोन माध्यमांत फरक नाही' या गृहीतकाचा, त्याग कसला करताय? तीस शाळांचं काम केलंत तर विश्लेषणात शाळेचा रकाना ठेवा, विद्यार्थी शाळाशाळांच्या गटांतून आलेले आहेत हे सॉफ्टवेअरला सांगा, आणि 'सार्थक' या शब्दाबरोबर फरक किती गुणांचा आणि तो किती ते किती असू शकतो हेही लिहा.

नोकरी सांभाळून तीस शाळा होणारच नसतील तर तीनच करा, पण शीर्षकातून जिल्ह्याचं नाव काढा. 'निवडक तीन शाळांतील' असं लिहा आणि टी-टेस्टऐवजी मुलांच्या चुका खोलात तपासा: भागाकारात शून्य कुठे गळतो, हातचा कुठे विसरतो. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) तुमच्याकडे बोलायला जास्त असेल. आणि तीस शाळांचं ठरलं, तर सोडत काढतानाच पाचसहा राखीव शाळाही काढून ठेवा आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अर्जाला दोन्ही याद्या जोडा. एखादी शाळा नाही म्हणाली की ऐनवेळी मन ओळखीच्या शाळेकडेच धावतं.